जुनी बुलेट आणि रस्त्यावरील तिची योग्यता

गावाच्या वेशीवर येणारी बुलेट मोटारसायकल डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कानांना कळते, असे जुनी माणसे म्हणत. पोलीस ठाणे, वन खाते, दवाखाना, भाटकाराचा वाडा, घाटापलीकडचा बाजार अशा अनेक ठिकाणी या गाडीने दीर्घकाळ सेवा बजावली. गोव्यातील भाड्याच्या मोटारसायकलींच्या ताफ्यात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘पायलट’ गाड्यांतही, इतर गाड्यांबरोबर तिचे दर्शन घडे. आज रस्त्यावर हलक्या व नव्या गाड्यांची गर्दी झाली असली, तरी वडिलांकडून मुलाकडे आलेली, ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट अनेक घरांच्या पडवीत उभी आहे, आणि सणासुदीला, बाजाराला किंवा शेतावर जाण्यासाठी ती बाहेरही निघते.

या गाडीच्या नोंदणीची मुदत संपली की ती तपासणीसाठी न्यावी लागते. अशा वेळी दोन प्रकारचे गैरसमज आढळतात. ‘यंत्र ठणठणीत आहे, पहिल्या लाथेला सुरू होते, मग तपासणी ती कसली?’ असे काही मालक म्हणतात. दुसऱ्या बाजूला, ‘इतकी वर्षे झालेली गाडी भंगारातच गेली पाहिजे’ असे म्हणणारेही पुष्कळ असतात. वस्तुतः हे दोन्ही समज चुकीचे आहेत. गाडी भरवशाची असणे ही एक गोष्ट आणि ती रस्त्यावर नेण्यास योग्य असणे ही दुसरी गोष्ट होय. या दोहोंमधला भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याची जुनी गाडी सहसा तपासणीत अडत नाही. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, मागच्या आसनावर बसणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येत नाही.

रेडिच ते तिरुवोत्तियुर

बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी प्रथम वापरले. परंतु आज जिला आपण जुनी बुलेट म्हणतो तिचा मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९४८-४९ चा आहे. मागील चाकाला झुलती भुजा व दोन धक्काशोषक देणारी ही रचना त्या काळी नवीन होती. भारतीय सैन्याला सरहद्दीवरील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. त्यासाठी पन्नासाच्या दशकाच्या प्रारंभी सुमारे ८०० बुलेट गाड्यांची मागणी नोंदविण्यात आली. पुढे १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळील तिरुवोत्तियुर येथे ही गाडी जुळविण्यास, व काही वर्षांतच तिचे सर्व भाग येथेच तयार करण्यास, आरंभ झाला.

रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० पर्यंत मूळ ब्रिटिश कंपनीचा कारभारही आटोपला. मात्र मद्रासचा कारखाना चालूच राहिला. इतकेच नव्हे, तर १९७७ पासून मद्रासमध्ये तयार झालेल्या बुलेट गाड्या ब्रिटनमध्ये निर्यात होऊ लागल्या. १९९४ मध्ये ही कंपनी आयशर समूहाकडे आली. ओतीव लोखंडी सिलिंडरचे जुन्या घडणीचे यंत्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होते. नव्या प्रदूषणविषयक मर्यादांमुळे त्याची जागा गिअरपेटी व यंत्र एकाच कवचात असलेल्या नव्या रचनेने घेतली.

जुन्या ३५० च्या यंत्राचा व्यास ७० मिलिमीटर आणि आघात ९० मिलिमीटर, म्हणजे घनफळ ३४६ घन सेंटिमीटर. सुमारे १८ अश्वशक्ती एवढेच तिचे सामर्थ्य. आजच्या मानाने ते थोडे वाटेल. परंतु दाबाचे प्रमाण कमी, फेऱ्या कमी आणि आघात लांब असल्याने यंत्रावर ताण कमी पडतो, व चढावर गाडी संथपणे पण न थांबता ओढते. भागांची संख्या थोडी, रचना उघडी आणि हत्यारेही साधी. त्यामुळे खेड्यातील मिस्त्रीदेखील ती खोलून पुन्हा जोडू शकतो. तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य याच साधेपणात आहे.

तपासणी कशासाठी?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या अधिनियमानुसार खाजगी वापराच्या मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून ती योग्य आढळल्यास नोंदणीचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करण्यात येते, आणि पुढे दर पाच वर्षांनी तीच प्रक्रिया होते. त्यासाठीचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करावयाचा असतो. भाड्याने चालविल्या जाणाऱ्या मोटारसायकलीचे नियम याहून कडक आहेत. पायलटची गाडी हे ‘परिवहन वाहन’ समजले जात असल्याने तिला स्वतंत्र योग्यता प्रमाणपत्र लागते. २०१८ च्या सुधारणेनंतर आठ वर्षांपर्यंतच्या परिवहन वाहनास हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी, तर त्याहून जुन्या वाहनास केवळ एक वर्षासाठी नव्याने मिळते.

पंधरा वर्षे हे गाडीचे आयुर्मान नव्हे, ही गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. ती नोंदणीची मुदत आहे. दिल्ली व तिच्या परिसरासाठी न्यायालयांच्या आदेशांतून वयाचे वेगळे निर्बंध आले, ही बाब निराळी. एरवी गाडी योग्य असेल तर वयामुळे तिचा मार्ग आपोआप बंद होत नाही. मात्र मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे हे नोंदणी नसलेली गाडी चालविण्यासारखेच आहे. अशा गाडीचा अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईचा प्रश्नही गुंतागुंतीचा होऊन बसतो, व त्याची झळ मालकाला तसेच जखमी माणसाच्या कुटुंबालाही पोहोचते.

निरीक्षकाच्या दृष्टीतून

तपासणीच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक प्रथम गाडीची ओळख पटवितो. बुलेटचा सांगाड्यावरील क्रमांक पुढील दांड्याजवळ आणि यंत्राचा क्रमांक यंत्राच्या कवचावर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेण्याची पद्धत जुन्या मालकांच्या परिचयाची आहे. हे क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. जुन्या बुलेटच्या बाबतीत पहिली अडचण नेमकी येथेच उद्भवते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी यंत्राचे कवच बदललेले असते, किंवा पेट्रोलच्या जागी डिझेलवर चालणारे यंत्र बसविलेले असते, आणि पुस्तकात त्याची नोंद केलेली नसते. गाडी उत्तम चालत असली तरी अशा वेळी निकाल प्रतिकूलच लागतो. यंत्र बदलणे किंवा मूळ रचनेत फेरफार करणे यांसाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी व पुस्तकातील नोंद आवश्यक आहे. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी हे दोन क्रमांक स्वतः वाचून पाहावेत.

यानंतर दिव्यांकडे लक्ष जाते. जुन्या बुलेटचा पुढचा दिवा आधीच मंद. त्यात तारा जुन्या झाल्या, सांगाड्याशी जोडलेल्या अर्थिंगच्या ठिकाणी गंज चढला, की दिवा मिणमिणू लागतो. दिव्याच्या वर दोन्ही बाजूंस असलेले छोटे दिवे शोभेसाठी आहेत असे अनेकांना वाटते आणि ते वर्षानुवर्षे बंदच असतात. मागचा ब्रेकदिवा तर मालकाला स्वतःला कधी दिसतच नाही. पायाखालील ब्रेकला जोडलेले त्याचे बटण चिखलाने अडकते आणि दिवा एकतर कायम पेटत राहतो किंवा मुळीच पेटत नाही. मागून येणाऱ्या बसचालकाच्या दृष्टीने या दोन्हींचा अर्थ एकच: पुढची गाडी केव्हा थांबणार, हे त्याला कळत नाही.

ब्रेकच्या बाबतीत नियमांची अपेक्षा अशी की, दोन्ही ब्रेक एकमेकांवर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे कार्य करावेत. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. त्यांचे लायनर झिजले की मालक तारेची किंवा दांडीची चकती आवळत जातो. काही काळाने अशी स्थिती येते की, ब्रेक दाबल्यावर ड्रमवरील छोटी भुजा काटकोनाच्या पलीकडे कलते. यापुढे कितीही जोर लावला तरी तो लायनरपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. भुजेचा कोन पाहून लायनर संपले आहे हे ओळखता येते. त्यासाठी चाक काढण्याचीही गरज नाही. पुढच्या ब्रेकची तार टोकाशी एकेक तंतूने तुटत असते, तीही डोळ्यांनी सहज दिसते.

टायरच्या खाचांची खोली दुचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर असली पाहिजे. जुन्या, थोड्या फिरणाऱ्या बुलेटचा दोष मात्र बहुधा निराळाच असतो. तिच्या टायरच्या खाचा शाबूत असतात, पण वर्षानुवर्षे उन्हात व पडवीत उभे राहून रबर कडक होते आणि कडेला भेगा पडतात. टायरच्या बाजूवर छापलेले चार अंक पाहावेत. पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवितात. त्यावरून टायरचे खरे वय कळते. चाकाचे आरे बोटाने एकेक छेडून पाहिल्यास सैल आऱ्याचा आवाज बसका येतो. आऱ्यांची तोंडे जेथे रिममध्ये बसतात, तेथे खाऱ्या हवेत गंज आधी धरतो.

पुढील दांड्याच्या बॉल-रेसमधील झीज, मागील झुलत्या भुजेच्या बुशांचा खुळखुळाट, साखळीचा ढिलेपणा, आरसे, हॉर्न आणि क्रमांकाची पाटी या बाबीही पाहिल्या जातात. साखळीला मधोमध सुमारे अडीच सेंटिमीटर हालचाल असावी. त्याहून फार सैल साखळी चाकात अडकू शकते, आणि फार ताठ साखळी बेअरिंगे खाऊन टाकते. मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरण्याची कडी, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, असा नियम आहे. गाडी ‘सुंदर’ करण्याच्या नादात अनेक तरुण ही जाळी काढून टाकतात. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात सापडून घडलेल्या अपघातांच्या वार्ता ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना या जाळीचे महत्त्व पुन्हा सांगावयास नको.

शेवटी धूर व आवाज. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ४.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. त्यानंतरच्या गाडीसाठी ही मर्यादा ३.५ टक्के आहे. जुळवणी नीट असलेल्या जुन्या बुलेटला ही अट पाळणे अवघड नाही. कार्ब्युरेटरचा पेंच, हवेची चाळणी आणि प्लग या तीन गोष्टींकडे लक्ष दिले तरी पुष्कळ काम भागते. आवाजाच्या बाबतीत मात्र दोष यंत्राचा नसून मालकाच्या हौसेचा असतो. मूळ सायलेन्सर काढून त्याजागी पोकळ नळकांडे बसविणे हा नियमभंग आहे. गाव झोपलेले असताना किंवा शाळेत परीक्षा चालू असताना त्याचा जो उपद्रव होतो, तो निराळाच.

या सर्व यादीकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. क्रमांकांचा प्रश्न सोडला, तर ज्या दोषांमुळे जुनी गाडी अडते ते बहुतेक सर्व थोड्या खर्चाचे आणि डोळ्यांना दिसणारे आहेत. यंत्राच्या म्हातारपणाशी त्यांचा फारसा संबंध नाही.

ब्रिटनमधील अनुभव

बुलेटच्या जन्मभूमीतील अनुभवही याला पुष्टी देतो. ब्रिटनमध्ये १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सक्तीची तपासणी सुरू झाली आणि १९६७ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर आणली गेली. त्या काळच्या परिवहन मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून ही तपासणी ‘एम.ओ.टी.’ या नावाने ओळखली जाते. १९७७ नंतर मद्रासहून तेथे गेलेल्या बुलेट गाड्यांनाही तीच परीक्षा द्यावी लागली. या तपासण्यांचे निकाल तेथील शासन जनतेसाठी प्रसिद्ध करते. त्यांवरून असे दिसते की, पहिल्याच तपासणीत नापास होण्याचे प्रमाण मोटारींपेक्षा मोटारसायकलींत कमी आहे आणि मोटारसायकलींच्या दोषांत दिवे व इशारादर्शक यांचा क्रम वरचा आहे.

२० मे २०१८ पासून ब्रिटनने ४० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना या वार्षिक तपासणीतून सूट दिली. अशा गाड्या थोड्या फिरतात आणि त्यांचे मालक त्यांची निगा राखतात, हा त्यामागील विचार. परंतु ही सूट तपासणीपुरती आहे, जबाबदारीपुरती नाही. गाडी रस्त्यावर असताना ती सुरक्षित असली पाहिजे, हे बंधन तेथेही कायम आहे. आपल्याकडील मालकानेही हाच बोध घ्यावयास हवा. नूतनीकरणाचा शिक्का पाच वर्षांसाठी मिळतो, पण निरीक्षकाने पाहिलेली गाडी ही त्या एका दिवसाची गाडी असते. दुसऱ्या दिवशी तार तुटली, तर प्रमाणपत्र ब्रेक दाबणार नाही.

भरवसा आणि सुरक्षितता

रस्त्यावर बंद पडणे आणि रस्त्यावर धोकादायक होणे यांत अंतर आहे. जुनी बुलेट बंद पडते ती बहुधा ठराविक कारणांनी: कॉन्टॅक्ट पॉइंट जळणे, कंडेन्सर निकामी होणे, प्लग काळा पडणे, क्लचची किंवा वेगनियंत्रकाची तार तुटणे, कार्ब्युरेटरमध्ये कचरा जाणे. या प्रत्येक दोषावर रस्त्याच्या कडेला, एका पान्याने व सँडपेपरच्या तुकड्याने तात्पुरता इलाज करता येतो. म्हणूनच जुने स्वार जादा तारा व जादा प्लग जवळ बाळगीत. अशी गाडी स्वाराला उशीर करील, पण त्याला इजा करणार नाही.

याउलट, रोज सकाळी विनातक्रार सुरू होणारी, तेलाचा थेंबही न गाळणारी गाडी कडक झालेल्या टायरवर व संपलेल्या लायनरवर धावत असेल, तर ती भरवशाची असूनही धोकादायक होय. कारण हा दोष गाडी स्वतः बोलून दाखवीत नाही. यंत्र बिघडले की थांबते. ब्रेक बिघडला तर गाडीच थांबत नाही. निरीक्षण मैदानावरील यादी ही या न बोलणाऱ्या दोषांची यादी आहे. यंत्राचा ठोका किती मधुर आहे, हे त्या यादीत विचारलेले नसते.

तरीही यंत्राची निगा दुर्लक्षून चालणार नाही. या यंत्राचे तेल कवचातीलच एका कप्प्यात राहते आणि एक पंप ते आत पाठवितो, तर दुसरा परत आणतो. अनेक गाड्यांत जोडदांड्याच्या मोठ्या टोकाला गोळ्यांचे बेअरिंग नसून तरंगता बुश असतो. तो स्वच्छ तेलावरच जगतो. म्हणून तेल आणि त्याची गाळणी वेळेवर बदलणे, हीच या यंत्राची मुख्य सेवा. झडपांची जुळवणी यंत्र पूर्ण थंड असताना करावी. दांडी बोटाने मोकळी फिरावी, पण वरखाली खुळखुळू नये. प्रज्वलनाची वेळ पुढे सरकलेली असेल तर किक उलटी बसते आणि घोट्याला दुखापत होते. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसरची मूठ दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवावा आणि मगच किक मारावी, ही जुन्यांची रीत केवळ ऐट नव्हती. तिच्यामागे शास्त्र होते.

डावा पाय, उजवा पाय

जुन्या बुलेटच्या संबंधात एक धोका असा आहे की, जो कोणत्याही तपासणीत पकडला जात नाही. या गाडीचा गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे असतो. आजच्या बहुतेक सर्व मोटारसायकलींत याच्या उलट रचना आहे. नव्या गाडीवर सराव झालेला मुलगा आजोबांची बुलेट घेऊन निघाला आणि समोर अचानक गुरे आली, तर त्याचा उजवा पाय सवयीने खाली दाबला जातो. तेथे ब्रेक नसून गिअर असतो. गाडीत कोणताही दोष नसताना अपघात घडतो.

म्हणून घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती ही गाडी देण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर पुरेसा सराव करून घेणे अगत्याचे आहे. पुढील काळात कारखान्याने गिअर डावीकडे आणला. साहजिकच, दोन्ही प्रकारच्या बुलेट आज एकाच गावात दिसतात. उसनी घेतलेली बुलेट कोणत्या प्रकारची आहे, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

खारी हवा, पाऊस आणि घाट

गोमंतकाच्या किनारी भागात गाडीचा मोठा शत्रू म्हणजे खारी, दमट हवा. रिम, आरे, मडगार्डचे आधार आणि तारांची टोके यांवर तिचा परिणाम आधी होतो. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेकची पकड एकदम कमी होते. ओढा किंवा पाण्याने भरलेला रस्ता ओलांडल्यावर हळू चालत ब्रेक दोन-तीन वेळा हलकेच दाबावा, म्हणजे लायनर कोरडे होते. चोर्ला किंवा अनमोड घाटाने बेळगावकडून उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापतो आणि लायनर पकड सोडू लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला जातो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा आणि वेग यंत्राच्या ओढीनेच रोखावा.

जून महिन्यापूर्वी एकदा व पावसाळा सरल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा संपूर्ण पाहणी करणे इष्ट ठरते. तारांना तेल, साखळीला वंगण, अर्थिंगच्या जागी घासकागद, आऱ्यांना हलका तेलाचा हात, आणि दोन्ही लायनरची पाहणी. या कामाला एक सकाळ पुरते.

पन्नास वर्षांनंतर

जुन्या गाड्यांच्या जतनासाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खाजगी वापराच्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यांनुसार वारसा-वाहन म्हणून नोंदणी मिळू शकते. ही नोंदणी १० वर्षांसाठी असते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती अशा प्रसंगांपुरतीच तिला मोकळीक असते. तेव्हा सत्तर सालापूर्वीची बुलेट घरी असलेल्या कुटुंबाने आधी ठरवावे की, गाडी बाजाराला न्यावयाची आहे की जतन करावयाची आहे. बाजाराला न्यावयाची असल्यास दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचा नेहमीचा मार्गच योग्य होय. आणि जतन करावयाची असल्यास मूळ भाग फेकून देण्याची घाई करू नये.

मालकाने करावयाचे

तपासणीला जाण्यापूर्वी मालकाने स्वतःच एक तास गाडीसमोर बसावे. नोंदणी पुस्तक, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र एकत्र ठेवावे. क्रमांक जुळवून पाहावेत. घरातील कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकदिवा पेटतो की नाही ते विचारावे. ब्रेकच्या भुजेचा कोन, टायरच्या कडा, आरे, साखळी, आरसे, हॉर्न आणि मागील जाळी पाहावी. पुढचे चाक उचलून दांडा दोन्ही बाजूंस फिरवून पाहावा; तो अडखळला तर बॉल-रेस बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. सुटे भाग घेताना किमतीबरोबरच त्यांचा दर्जाही पाहावा. विशेषतः लायनर, तारा आणि टायर यांत केलेली बचत पुढे फार महाग पडते.

तपासणीत गाडी नापास झाली तर तो अपमान मानण्याचे कारण नाही. निरीक्षकाने दाखविलेले दोष लिहून घ्यावेत, ते दूर करावेत व गाडी पुन्हा दाखवावी. दोषांचा हा कागद जपून ठेवल्यास पुढच्या पाच वर्षांत कोठे लक्ष द्यावयाचे, हे आपोआप कळते. भाड्याने गाडी चालविणाऱ्या पायलटाला तर दरवर्षी हा कागद मिळतो. त्याच्यामागे दिवसभरात अनेक अनोळखी माणसे बसतात: रुग्णालयात निघालेली वृद्धा, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, मुलाला मांडीवर घेतलेली माता. त्यांपैकी कोणीही बसण्यापूर्वी ब्रेकच्या भुजेचा कोन पाहत नाही. तो पाहण्याचे काम त्यांनी विश्वासाने दुसऱ्यावर सोपविलेले असते.

जुनी बुलेट ही टाकाऊ वस्तू नव्हे आणि पूजेची मूर्तीही नव्हे. ती एक साधे, समजण्याजोगे आणि दुरुस्त होण्याजोगे यंत्र आहे. तिचे वय कितीही असो. तिचा दिवा लागतो, ब्रेक धरतो व चाक सरळ धावते, तोवर ती रस्त्यावर यावी. यांपैकी एक गोष्ट जरी उणी असेल, तर तिचा ठोका कानाला कितीही गोड वाटला, तरी ती दुरुस्ती होईपर्यंत पडवीतच उभी राहावी, यातच मालकाचे आणि गावाचे हित आहे.